बिनपगारी, फुल अधिकारी

सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत निघते, चिठ्ठीवर ‘सर्वसाधारण महिला’ येतं आणि भाऊंचा चेहरा पडतो. फार वेळ नाही, फ्लेक्सवाल्याचा फोन लागेपर्यंत. संध्याकाळी चौकात बॅनर झळकतो: कोपऱ्यात हात जोडलेल्या, पासपोर्ट फोटोएवढ्या वहिनी, मधोमध गॉगल लावलेले उमेदवाराचे यजमान. कालपर्यंत वहिनींचं सार्वजनिक जीवन म्हणजे संक्रांतीचं हळदीकुंकू आणि ‘खेळ पैठणीचा’मध्ये विजेतीच्या हातात पैठणी ठेवणं. (माइक तेव्हाही भाऊंकडेच.)

73व्या घटनादुरुस्तीने 1993 साली पंचायतीत बायकांना किमान एक तृतीयांश जागा दिल्या. महाराष्ट्राने 2011 मध्ये हे प्रमाण 50 टक्क्यांवर नेलं. त्यासोबत सरपंचपती हे पदही आपोआप निर्माण झालं. कायद्यात लिहायचं तेवढं राहून गेलं. मानधन नाही, पण अविश्वास ठरावाची भीतीही नाही. शपथ नाही म्हणावं, तर छत्तीसगडमधल्या परसवारा गावाने मार्च 2025 मध्ये तीही सोय केली. निवडून आल्या सहा महिला, शपथ घेतली त्यांच्या नवऱ्यांनी. निलंबित झाला पंचायत सचिव. नवऱ्यांना निलंबित करायचं तरी कशावरून?

आमच्याकडे मात्र कारभार रीतसर चालतो. मोठी खुर्ची वहिनींची, शेजारची प्लास्टिकची भाऊंची. वस्तीवरची म्हातारी विचारते, “टँकर कधी येणार गं बाई?” वहिनी तोंड उघडतात, तोच भाऊ म्हणतात, “आजी, तिला काय विचारता? मी आहे ना!” वित्त आयोगाचा निधी खर्च करायला सरपंचांची डिजिटल सही लागते. तिचा डोंगल भाऊंच्या वरच्या खिशात, तंबाखूच्या पुडीला लागून. ओटीपीही भाऊंच्याच मोबाइलवर येतो. बायकोच्या सहीला इतकं जिवापाड जपणारा नवरा शोधून सापडायचा नाही. आणि लोक त्याला हस्तक्षेप म्हणतात!

आता केंद्राने नेमलेल्या समितीने, बायकोच्या नावावर कारभार हाकणाऱ्यांना जरब बसेल असा दंड करा, अशी शिफारस केली आहे. भाऊ खवळले. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावीच लागते, तीत त्यांनी हा महिलांच्या हक्कांवर घाला असल्याचं पाऊण तास समजावून सांगितलं. आभार वहिनी मानणार होत्या. वेळ वाचावा म्हणून तेही भाऊंनीच मानले.