हँडलपर्यंत पोचणारी बाही

आधी एक चाचणी. स्वतः शिवलेलं जॅकेट घाला, आरशासमोर उभं राहा आणि हात खाली सोडा. छान दिसतंय? दिसणारच. आता माळ्यावरची पिशवी काढायला उजवा हात वर न्या. जॅकेट कमरेवरून बरगड्यांपर्यंत चढलं, दंडाला रक्तदाब मोजायच्या पट्ट्यासारखी मिठी बसली आणि पाठीमागे कुठेतरी 'टर्र' झालं, तर हा मजकूर तुमच्यासाठी आहे. यातलं काहीच झालं नसेल, तर तुम्ही शिंपी आहात. पान उलटा.

माझं जॅकेट आईच्या जुन्या इरकली साडीचं. आत सुती कापडाचा थर, वरून धावदोरा. थोडक्यात बटणं लावलेली गोधडी. डोंबिवलीत अशा वस्त्राची गरज वर्षातून चार-पाच पहाटे पडते, हे मला मान्य आहे. पण ठाण्यात 1925 साली रेमंडची लोकरीची गिरणी निघाली, तीही काही ठाणेकर कुडकुडत होते म्हणून नव्हे. हौसेला मोल नसतं म्हणतात. बाही मात्र असते.

दिवाळीच्या पहिल्या पहाटे फडके रोडवर जॅकेटचं कौतुक झालं. तिथे उभं राहायचं आणि दिसायचं, एवढंच काम. सेल्फीसाठी हात लांब करायची वेळ आली तेव्हा मी फोन मैत्रिणीकडे दिला आणि प्रश्न मिटला असं समजले. मग सुट्टी संपली आणि सकाळची फास्ट लोकल आली. महिलांच्या डब्यात हँडल धरायला हात वर केला, तो कानापर्यंत जाऊन थांबला. तिघींच्या बाकावर चेपून मिळते ती चौथी सीट मिळण्याचीही आशा नव्हती. दिवा गेल्यावर शेजारच्या बाईंनी विचारलं, "हात दुखावलाय का हो?" मी हो म्हटलं. जॅकेट स्वतः शिवलंय हे सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

चूक मापात आहे. माप घेताना आपण हात खाली सोडून, पोट आत घेऊन उभं राहतो, आणि त्या मापाच्या कपड्यात दिवसाचे दोन-तीन तास हात वर करून काढतो. कल्याण-डोंबिवलीकरांनी दोन मापं घ्यावीत: एक सरळ उभं राहून, दुसरं दाराच्या चौकटीला हँडल समजून लोंबकळताना.

पहिली पायरी. बाही उलटी करा आणि आत माया किती आहे ते बघा. शिवणीच्या आत सोडलेल्या जास्तीच्या कापडाला माया म्हणतात. ती दोन्ही बाजूंना पाऊण इंच असेल, तर पाव इंच राखून अर्धा-अर्धा इंच सोडता येतो, म्हणजे घेर इंचभर वाढला. दंड 12 इंच असेल तर जॅकेटच्या बाहीचा घेर 14 ते 15 इंच तरी हवा. गोधडीसारखं जाड कापड असेल तर आणखी थोडा. माझ्या शिवणीत माया निघाली जेमतेम पाव इंच. आई म्हणाली, "तीस वर्षं जपून नेसले गं ती साडी, आणि तुला आत अर्धा इंच माया ठेवता आली नाही?" या पायरीवर एवढं ऐकून घ्यायची तयारी ठेवा.

दुसरी पायरी म्हणजे एक गोष्ट न करणं. काखेत काचतंय म्हटल्यावर प्रत्येक नवशिक्याला मुंढा, म्हणजे बाही बसवायचं भोक, खोल कापावासा वाटतो. कापू नका. मुंढा खाली गेला की बाही आणि अंग यांचा सांधाही काखेपासून खाली सरकतो. मग हात वर नेला की बाही सांध्याला ओढते आणि सांधा अख्ख्या जॅकेटला. सांधा काखेच्या जितका जवळ, तितका हात मोकळा. ऐकायला उलटं वाटतं, पण जुन्या शिंप्यांना हे ठाऊक असतं. तसंच बाहीच्या डोक्याचं, म्हणजे खांद्याशी बसणाऱ्या वरच्या गोलाईचं. उंच डोक्याची बाही हात खाली असताना कोटासारखी झोकात पडते. सदऱ्याच्या बाहीचं डोकं बसकं, म्हणून काखेत चुण्या पडतात आणि हात मात्र कुठेही जातो. हे सगळं मला मुंढा सव्वा इंच कापल्यानंतर कळलं.

बाहीच्या तोंडाशी कडकपणासाठी बकरम घातलं असेल तर तेही याच वेळी काढा. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने ठाणे बंदरातून बाहेर जाणाऱ्या मालात कातडं, सुती कापड आणि बकरम यांची नोंद केली आहे. तेव्हा बकरम म्हणजे तलम कापड. आज त्या नावाखाली मिळतं ते पुठ्ठ्याच्या नात्यातलं आहे आणि ते कॉलरमध्येच शोभतं.

आता मुख्य काम. काखेत बाहीची खालची शिवण, अंगाच्या बाजूची शिवण आणि मुंढ्याची गोल शिवण एकत्र येतात. याला कल्याण जंक्शन समजा. तिथून मुंढ्याचा एक फाटा पुढे कसाऱ्याकडे जातो, दुसरा मागे कर्जतकडे. हे दोन्ही फाटे चालू ठेवायचे. जंक्शनपासून बाहीची शिवण 3 इंच आणि अंगाची शिवण 3 इंच उसवायची, आणि ऐन जंक्शनवरचे मुंढ्याचे दोन टाके तोडायचे. पतंगाच्या आकाराचं भोक पडेल. त्यात 4 इंची चौकोन बसवायचा. चहूकडून अर्धा इंच शिवणीत गेला की 3 इंच उरतो. चौकोन सरळ धाग्यावर कापा, पण बसवताना एक कोन बाहीकडे, एक कमरेकडे, उरलेले दोन मुंढ्याच्या दोन फाट्यांवर. म्हणजे हात वर गेला की ताण उरेब, म्हणजे धाग्याला तिरका, पडतो, आणि उरेब कापड थोडं ताणलं जातं. जुन्या पद्धतीच्या कुडत्यांच्या काखेत असा तुकडा असायचाच. नांगर धरतानाही तो पुरला.

आधी हाताने कच्चा टाका घाला. मशीनवर चारही कोन एका दमात वळवायला जाल तर तिसऱ्या कोनाशी रडू येईल. प्रत्येक कोनाला टीप थांबवा, सुई कापडात रुतलेली ठेवा, दाबपट्टी उचला, कापड फिरवा. गोधडीचे थर असतील तर 16 नंबरची सुई लावा. पलीकडे उल्हासनगरात जीन्स शिवणारे दिवसभर जाड शिवणींवरून मशीन पळवतात, ते जाड सुईच्या जोरावर. माझ्या तीन बारीक सुया मोडल्या.

तुकडा कशाचा लावायचा? साडीचं कापड संपलेलं असतं, कारण तुम्ही त्याच्या उशीच्या खोळी केलेल्या असतात. पुस्तकं सांगतात, काख कुणाला दिसत नाही, काहीही लावा. ती पुस्तकं लिहिणारे लोकलने जात नसावेत. महिलांच्या डब्यात उभ्या बाईची काख बसलेल्या चार जणींच्या डोळ्यांसमोर असते, तीही ठाण्यापर्यंत. मी लाल खण लावला. दुसऱ्याच दिवशी समोरच्या सीटवरून प्रश्न आला, "ही फॅशन नवीन आहे का?" मी पुन्हा हो म्हटलं.

स्टेशनजवळ 'अल्टर करून मिळेल' अशी पाटी लावून बसलेल्या काकांना मी ते काम अभिमानाने दाखवलं. त्यांनी बाही उलटी केली, चौथ्या कोनातली चुणी नखाने दाबून पाहिली आणि म्हणाले, "चालेल."

हे सगळं उजव्या बाहीचं झालं. डावी उसवून ठेवली आहे, पण खण संपला. तोवर मी हँडल उजव्या हातानेच धरते.