नोकरदारांसाठी आर्किटेक्चर

कंपनीचा धंदा, त्यातली माहिती, ती हाताळणारी सॉफ्टवेअरे आणि ती चालवणारी यंत्रे या सगळ्यांचा एकत्र आराखडा मांडण्याच्या शास्त्राला एंटरप्राइझ आर्किटेक्चर म्हणतात. एकाच ग्राहकाचे नाव बिलिंगमध्ये एक, गोदामात दुसरे आणि तक्रार विभागात तिसरे का असते, या संतापातून ते जन्मले असावे. जॉन झॅकमन यांच्या १९८७ सालच्या 'आयबीएम सिस्टिम्स जर्नल'मधील लेखापासून त्याची सुरुवात धरतात. इमारत किंवा विमान बांधताना मालकाला एक चित्र दाखवतात, बांधणाऱ्याला दुसरे. मग माहिती यंत्रणेचे एकच चित्र सगळ्यांच्या गळ्यात का मारता, असा त्यांचा रोख होता. पुढे या विचाराचा सहा बाय सहा घरांचा तक्ता झाला. छत्तीसही घरे भरलेला तक्ता शिकवणीच्या स्लाइडवर पाहायला मिळतो. नोकरीच्या ठिकाणी तीन-चार घरे भरेपर्यंत तिमाही संपते आणि साहेब बदलतात.

दुसरी आणि अधिक चालणारी पद्धत टोगॅफ. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने तयार केलेल्या एका चौकटीच्या पायावर 'द ओपन ग्रुप' या संस्थेने ती १९९५ साली प्रथम प्रसिद्ध केली. दहावी आवृत्ती २०२२ ची. तिचा गाभा म्हणजे एडीएम नावाचे चक्र: पूर्वतयारीचा एक टप्पा आणि नंतर ए ते एच असे आठ. व्हिजन, धंदा, माहिती व सॉफ्टवेअर, यंत्रे, मग संधी व उपाय, स्थलांतराचे नियोजन, अंमलबजावणीवर देखरेख आणि शेवटी बदलांचे व्यवस्थापन. मध्यभागी 'रिक्वायरमेंट्स', म्हणजे गरजा. भोंडल्यात पाटावर हत्ती मांडून त्याच्याभोवती फेर धरतात, तसे आठही टप्पे या गरजांभोवती फिरत राहतात. हत्ती जागचा हलत नाही आणि खिरापत काय आहे ते शेवटपर्यंत कोणाला ओळखता येत नाही.

हे शास्त्र शिकणारा नोकरदार साधारणपणे चाळिशीच्या आसपास आढळतो. कोड लिहिणे सुटलेले असते, मॅनेजर होणे जमलेले नसते, आणि हाताखालची मुले ज्या भाषेत प्रोग्रॅम लिहितात तिचे नाव त्याने नुकतेच ऐकलेले असते. अशा अवस्थेत 'आर्किटेक्ट' हे पद त्याला दूरवरच्या दीपस्तंभासारखे वगैरे नव्हे, तर अप्रेझलच्या फॉर्ममधल्या रिकाम्या रकान्यासारखे खुणावते. प्रस्तुत लेखक याच जातीचा असल्यामुळे येथील निरीक्षणे जवळून केलेली आहेत. अभ्यास हिंजवडीच्या बसमध्ये, रात्री जेवणानंतर आणि ज्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवता येतो तिथे होतो. सातशे पानांच्या ग्रंथाची पहिली साठ पाने रंगीत पेनने अधोरेखित झालेली असतात. पुढची पाने कोरी करकरीत असल्याने पुनर्विक्रीला बरी.

या पदाची कायदेशीर बाजूही पाहण्यासारखी आहे. भारतात १९७२ च्या आर्किटेक्ट्स ॲक्टनुसार वास्तुकला परिषदेकडे नोंदणी असल्याशिवाय 'आर्किटेक्ट' ही उपाधी लावता येत नाही. कायद्याने लँडस्केप आणि नेव्हल आर्किटेक्टांचा अपवाद केला आहे. बागा सुटल्या, जहाजे सुटली. सर्व्हरचा विचार १९७२ साली कोण करणार? हे वाचल्यावरही अभ्यासक लिंक्डइनवरची उपाधी उतरवत नाही. इमारती बांधणाऱ्या मेहुण्यासमोर मात्र तिचा उच्चार टाळतो.

शिक्षणाचे पहिले लक्षण वाचेवर दिसते. अभ्यासक 'अडचण' म्हणायचे सोडून 'कन्सर्न' म्हणतो आणि माणसांना 'स्टेकहोल्डर' म्हणू लागतो. हाऊसिंग सोसायटीच्या सभेत लिफ्टच्या दुरुस्तीचा विषय निघाला की उभा राहून सांगतो, "आधी आपण बेसलाइन ठरवू, मग टार्गेट, मग गॅप." सेक्रेटरी चष्म्यावरून पाहत म्हणतात, "आधी तुमचा दोन महिन्यांचा मेंटेनन्स भरा. ती गॅप मोठी आहे." सभा हसते. टोगॅफमध्ये या प्रसंगासाठी टप्पा नाही.

टोगॅफची परीक्षा दोन भागांत होते. पहिल्या भागात चाळीस प्रश्न, साठ मिनिटे, पुस्तक बंद. दुसऱ्यात नव्वद मिनिटांत फक्त आठ प्रश्न, आणि तेही पुस्तक उघडे ठेवून. हे ऐकून ज्याला आनंद होतो त्याने अजून पुस्तक उघडलेले नसते. या भागातली गुणपद्धती मोठी मनुष्यस्वभाव ओळखणारी आहे. चार पर्यायांपैकी सर्वोत्तम उत्तराला पाच गुण, त्याखालच्याला तीन, तिसऱ्याला एक आणि उरलेल्याला शून्य. म्हणजे उत्तर बरोबर की चूक, हा बाळबोध प्रश्न इथे उरत नाही. किती शोभेल एवढेच पाहायचे. ज्याने दहा वर्षे क्लायंटच्या ईमेलांना उत्तरे दिली आहेत त्याला हा भाग सोपा जातो.

पद्धतीतला सर्वांत कामाचा भाग गॅप ॲनालिसिस. एका बाजूला आज जे आहे ते, म्हणजे बेसलाइन, लिहायचे, दुसऱ्या बाजूला उद्या जे हवे ते. खाली 'नवीन' अशी एक ओळ आणि कडेला 'काढून टाकलेले' असा एक रकाना जोडायचा. आजची जी गोष्ट उद्याच्या यादीत नाही ती मुद्दाम काढली की नजरचुकीने राहिली, हे एकेक करून तपासायचे, असे पुस्तक बजावते. तपासायला बसले की तीच एक गोष्ट हाती लागते: एक्सेलची फाईल.

एक्सेलवर इथे थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण शास्त्राने ते केलेले नाही. एक्सेल १९८५ साली मॅकिंटॉशवर आले, झॅकमन यांचा लेख त्यानंतर दोन वर्षांनी. रोग आधीचा, निदान नंतरचे. कंपनी सगळा कारभार एकत्र चालवणारी कोट्यवधींची ईआरपी यंत्रणा घेते, तिच्या उद्घाटनाला केक कापते आणि दुसऱ्या दिवसापासून त्या ईआरपीतली माहिती एक्सेलमध्ये उतरवून घेऊन काम सुरू होते. इंग्लंडमध्ये २०२० च्या शरद ऋतूत जवळजवळ १६,००० कोविड रुग्णांची नोंद राष्ट्रीय आकडेवारीत वेळेवर पोचली नाही, कारण माहिती एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाईलमध्ये घेतली जात होती आणि तिच्यात ६५,५३६ च्या पुढे ओळी मावत नाहीत. त्या रुग्णांच्या संपर्कात आलेल्यांचा शोध त्यामुळे लांबला. त्या साखळीचा आराखडा कोणी काढला असता तर मधल्या त्या फाईलला चौकट मिळाली असती का, याबद्दल शंका घ्यायला जागा आहे. कारण एक्सेलला आराखड्यात चौकट देणे आर्किटेक्टला कमीपणाचे वाटते. चौकटी सर्व्हरांना मिळतात, डेटाबेसांना मिळतात, कोणीही न वापरणाऱ्या पोर्टलला तर दोन मिळतात.

ही फाईल बहुधा हिशेब खात्यातल्या एखाद्या ज्येष्ठ बाईंकडे असते. तिच्यात रंग असतात. आर्किटेक्टांच्या आर्किमेट या चित्रभाषेतही रंग आहेत: धंद्याला पिवळा, सॉफ्टवेअरला निळा, यंत्रांना हिरवा. पण नियमाने त्यांना काही अर्थ नाही, ती केवळ वहिवाट. बाईंच्या फाईलमध्ये अर्थ आहे. अभ्यासक बेसलाइन लिहून घ्यायला वही घेऊन शेजारी बसला की त्या सांगतात, "पिवळा म्हणजे पार्टी उशिरा देते, पण देते. लाल असेल तर माल सोडायच्या आधी फोन करायचा. आणि हा जांभळा आहे ना, त्याला व्याज लावायचं नाही. त्यांचा मुलगा गेला त्या वर्षी. मोठ्या साहेबांनी सांगितलं होतं तेव्हा." मोठे साहेब जाऊन बारा वर्षे झालेली असतात. कुठल्याही सर्व्हरवर ही सूचना नसते.

नवीन यंत्रणेत रंग नसतात. थकबाकी तीस दिवसांची, साठ दिवसांची आणि नव्वद दिवसांची, एवढेच तिला कळते. जांभळ्या घराला नव्वदाव्या दिवशी आपोआप नोटीस जाते. बाई आराखडा नीट पाहतात, चष्मा काढतात आणि विचारतात, "माझं हे कुठे बसवलंय, बाळा?" शास्त्र या जागी निरुत्तर नाही, हे त्याच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. नजरचुकीने राहिलेली गोष्ट परत आत घ्या, असे पुस्तकात लिहिलेले आहे. पण पिवळा, लाल आणि जांभळा यंत्रणेत घालायचा तर तीन मीटिंगा वाढतात आणि व्हेंडर प्रत्येक रंगाचे पैसे मागतो. मग आराखड्याच्या सादरीकरणात 'मॅन्युअल कामातून मुक्ती' अशी एक स्लाइड येते, तिच्यावर टाळ्या पडतात आणि बाईंचे सबंध आयुष्य 'काढून टाकलेले' या रकान्यात बसते. हा दोष पद्धतीचा म्हणता येत नाही. पद्धत प्रश्न विचारायला शिकवते. उत्तर येईपर्यंत थांबायला प्रोजेक्ट प्लॅनमध्ये दिवस नसतात.

मेल्विन कॉनवे यांनी १९६८ सालीच मांडले होते की कोणतीही संस्था यंत्रणा रचते तेव्हा तिच्यात संस्थेच्या आतल्या बोलण्याचालण्याचाच नकाशा उतरतो. विक्री आणि हिशेब ही खाती एकमेकांशी बोलत नसतील तर त्यांची सॉफ्टवेअरेही बोलत नाहीत, मधे कितीही महागडे मिडलवेअर घाला. सातशे पाने वाचायला वेळ नसलेल्याने कॉनवे यांचा तो छोटासा लेख तरी वाचावा.

बाकी ज्यांना परीक्षा द्यायची आहे त्यांनी ती जरूर द्यावी. हुद्दा वाढतो, क्वचित पगारही. मात्र तारीख घेण्याआधी हिशेब खात्यात कोण कधी निवृत्त होत आहे ते विचारून घ्यावे आणि बेसलाइनचे काम त्याआधी उरकावे. वही न्यावी. लॅपटॉप पाहिला की बाई बोलत नाहीत.