बदनापूरच्या आधी

निजाम आसफजाहाच्या काळात उभारलेल्या मस्तगड या भुईकोटाच्या परिसरातून मुंबईस निघणाऱ्या कुटुंबाचा प्रवास वेळापत्रकानुसार जालना स्थानकात सुरू होत असला, तरी वस्तुतः तो भल्या पहाटे परातीत सुरू होतो. तेथे दशम्या आणि धपाटी सिद्ध होतात. दशमी म्हणजे पाण्याऐवजी दुधात भिजवलेल्या पिठाची पोळी अथवा भाकरी. पाण्याचा संपर्क नसल्याने ती जुन्या सोवळ्याच्या नियमांत वाटेत खाण्यास चालत असे आणि मऊ राहत असल्याने नियम न मानणाऱ्यांनाही रुचत असे. धपाटे हे ज्वारीच्या पिठात बेसन, कणीक, तिखट आणि लसूण घालून थापलेले, म्हणजे भाकरीचे रागीट भावंड होय.

जपानमध्ये अशा डबाबंद जेवणास 'बेंतो' म्हणतात. या नावाचे मूळ 'सोयीचे' अशा अर्थाच्या चिनी शब्दात सांगितले जाते. ही सोय मुख्यतः एकट्याची असते. स्थानकावर मिळणारा 'एकिबेन' हा बेंतोचा रेल्वेतील प्रकार 1885 साली उत्सुनोमिया येथे, बांबूच्या पापुद्र्यात गुंडाळलेल्या भाताच्या दोन मुटक्यांच्या रूपाने, प्रथम विकला गेला असे मानतात, आणि तो आपापल्या आसनावर, शेजाऱ्यास न विचारता संपवणे हेच तेथे सभ्यपणाचे ठरते.

मराठवाड्यात हेच वर्तन असभ्य ठरेल. येथे गाडी हलताच "एवढ्यात कुठे भूक?" असे सर्वजण म्हणतात आणि बदनापूर येण्यापूर्वीच डब्याचे झाकण निघते, पाठोपाठ ठेच्याचा वास डबाभर फिरून प्रत्येकास व्यक्तिशः आमंत्रण देतो. समोरच्या अनोळखी प्रवाशाने दोनदा नको म्हणावे व तिसऱ्यांदा "घ्या हो, घरचंच आहे" ऐकून हात पुढे करावा, असा अलिखित संकेत असून, पहिल्याच आग्रहाला होकार देणारा मनुष्य पुण्याकडचा नसावा एवढे तरी निश्चित होते.

डिसेंबर 2023 मध्ये जालना–मुंबई वंदे भारत धावू लागली आणि तिकिटासोबतच खाणे मागवण्याची सोय झाली. तेव्हापासून या शास्त्रात नवे कलम आले आहे: पैसे भरले म्हणून ट्रे घ्यायचा, त्यातील पदार्थांना नावे ठेवायची आणि दशमी मात्र घरचीच खायची. मनमाडपर्यंत समोरच्याचे गाव, नोकरी आणि मुलीचे शिक्षण समजलेले असते. ठेच्याची कृती त्याच्या पत्नीस दूरध्वनीवरून सांगितली जाते, आणि दादरला घ्यायला येणाऱ्या भाच्यासाठी राखलेल्या धपाट्यांपैकी दोन या समोरच्याच्या पिशवीत गेलेली असतात.