आरएफ माउंट साहेबांना पोशेऱ्याहून साष्टांग नमस्कार

मु. पोशेरा, ता. मोखाडा, जि. पालघर

माननीय आरएफ माउंट साहेब,
मुक्काम टोकियो,
यांस स. न. वि. वि.

पत्र लिहिण्यास कारण की, आपण आम्हा गोरगरिबांवर केलेले उपकार अजून कुणी कागदावर उतरवलेले नाहीत. ते काम माझ्याकडे घेतो आहे.

२०१८ साली कॅननच्या ईओएस आर कॅमेऱ्यावर लेन्स बसवायचे तोंड म्हणून आपला अवतार झाला. तोंड चांगले ५४ मिलिमीटर रुंद, सेन्सरपासूनचे अंतर अवघे २० मिलिमीटर, आणि लेन्सशी बोलायला बारा पिना. आपल्या तीर्थरूपांना, म्हणजे जुन्या ईएफ माउंटला, आठच होत्या. पण ते भोळे होते. सिग्मा येवो, तॅमरॉन येवो, टोकिना येवो, त्यांनी दारात आलेल्याला परत पाठवले नाही. त्या कंपन्यांनी त्यांची बोली ऐकून ऐकून उचलली आणि वर्षानुवर्षे संसार केला. आपण मात्र घराण्याला शिस्त लावलीत. २०२२ साली व्हिलट्रॉक्स नावाची चिनी कंपनी स्वस्तातल्या ऑटोफोकस लेन्स घेऊन आपल्या दारी आली, तेव्हा पेटंटचे आणि डिझाइनचे हक्क दाखवून तिला विक्री थांबवायला लावले गेले. हाताने फोकस फिरवायच्या लेन्सना मात्र आपली ना नाही. म्हणजे मुक्याने आत यावे, बोलणाऱ्याने बाहेर थांबावे. केवढे हे औदार्य!

आता आमच्याकडची परिस्थिती सांगतो, म्हणजे उपकार किती मोठा ते आपल्या ध्यानात येईल.

इकडे वारली लग्नात घरातल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवचौक लिहितात, मधोमध पालघट देवी. धवलेरी लग्न लावते, गाणी म्हणते. घर कुडाचे, खिडकी असली तर हातभर, आणि त्यात पाहुण्यांची दाटी. फ्लॅश मारला की भिंतीवरचा चौक पांढराफटक होतो आणि नवरीचा चेहरा पिठासारखा. तिकडे बोहाड्यात, म्हणजे मुखवट्यांच्या उत्सवात, रात्रभर सोंगे नाचतात, संबळ वाजतो आणि टेंभ्याच्या उजेडात महिषासुराचा मुखवटा गर्रकन वळतो. हे टिपायला उघड्या तोंडाची लेन्स लागते, एफ २.८ ची तरी. आणि तीही झूम, कारण चौकापाशी बसलेल्या धवलेरीला ‘मावशी, जरा मागे सरका’ असे म्हणायची कोणाची छाती नाही.

आपल्या घरात फुल-फ्रेमची एक सुटसुटीत झूम मिळते, २४-१०५, एफ ४ ते ७.१. लांबच्या टोकाला, एफ २.८ च्या लेन्समधून जेवढा उजेड आत येतो त्याच्या सहाव्या हिश्शाहूनही कमी. कॅमेऱ्याचा आयएसओ वाढवत वाढवत न्यावा, तेव्हा नवरीच्या गालावर नागलीचे दाणे दिसू लागतात. आणि २.८ ची झूम हवीच असेल तर २०२४ पर्यंत आपली लाल पट्ट्याची एल लेन्सच होती. तिची किंमत ऐकून नवरीचा बाप म्हणायचा, दादा, फोटो राहू दे, आपण त्यात बैल घेऊ.

खोटे बोलणार नाही. आपली ५० मिमी एफ १.८ स्वस्त आहे आणि तिच्या किमतीत चांगलीच आहे. पण एका लेन्सवर लग्न काढणे म्हणजे नवऱ्याचा फोटो निघाला की वऱ्हाड अंगणात राहते.

मोखाड्याच्या चहाच्या टपरीवर फोटोवाल्यांत आपल्या बंद दारावरून दोन तट पडले आहेत. एक तट म्हणतो, कंपनीने डोके चालवले, पैसा घातला, पेटंट घेतले. दार तिचे, कडी तिची. हे म्हणणे मला पटते. कायद्यात आपली बाजू पक्की आहे, आणि चोरून उचललेल्या बोलीवर चालणारी लेन्स कधी कॅमेऱ्याच्या नव्या फर्मवेअरनंतर रुसून बसते, हेही खरे. दुसरा तट म्हणतो, मग सोनी वेडी आहे का? तिने २०११ सालीच ई माउंटची मूळ माहिती लेन्स बनवणाऱ्यांना फुकट द्यायला सुरुवात केली. तॅमरॉनची २८-७५ एफ २.८ सोनीसाठी २०१८ ला आली आणि लग्नवाल्यांची रांग त्या दिशेने वळली. सोनी काही संत नव्हे. दुसऱ्याच्या लेन्सला ती सेकंदाला पंधरा फोटोंच्या वर जाऊ देत नाही. पण पंधरा फोटोंत आमच्याकडे अख्खी अक्षता पडते. निकॉननेही २०२२ पासून तॅमरॉनला आणि नंतर सिग्माला आत घेतले. लायका, पॅनासॉनिक आणि सिग्मा तर २०१८ पासून एकाच एल माउंटवर नांदत आहेत.

बोहाड्यात कोणते सोंग कोणत्या घराने नाचवायचे, हा मान इकडे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला असतो. त्या मानाला कोणी हात लावत नाही. पण ज्याच्याकडे सोंगाचा मान, त्याच्याच घरातला संबळ वाजला पाहिजे असे मी अजून ऐकलेले नाही.

आपल्या कुळाचा इतिहासही आम्ही थोडा वाचला आहे, रागावू नये. १९३४ साली कंपनीच्या पूर्वजांनी पहिला नमुना कॅमेरा केला, त्याला नाव दिले क्वानॉन. करुणेची देवता, म्हणजे आमचा अवलोकितेश्वर. तो इकडूनच तिकडे गेला. कान्हेरीच्या लेण्यांत त्याची मूर्ती आहे. क्वानॉनच्या चिन्हावर देवी हजार हातांची होती, आणि लेन्सचे नाव कश्यप, बुद्धाच्या शिष्यावरून. म्हणजे हजार हात, पण त्या हातांत लेन्स एकाच दुकानातली!

आणि खरी गंमत पुढेच आहे. १९३६ साली बाजारात आलेल्या हान्सा कॅननवर लेन्स कुणाची होती? निक्कोर ५० मिमी एफ ३.५. बनवणारी निप्पॉन कोगाकू, म्हणजे आजची निकॉन. आपल्या घराण्याचा पहिला विकला गेलेला कॅमेरा दुसऱ्याच्या लेन्सवर चालला. पुढे युद्धानंतर कॅननच्या सेरेनार लेन्स लायकाच्या आट्यांवर बसू लागल्या, तेव्हा दारात आलेले परके, म्हणजे थर्ड पार्टी, कोण होते, हे मी सांगायला नको. लायकाने तेव्हा टोकियोला नोटीस धाडली असती तर आज आपण कुठे असता, याचा विचार रात्री झोपताना करावा.

इकडच्या हुशार पोरांनी मधला रस्ता काढला आहे. आपल्या आणि वडिलांच्या सेन्सरपासूनच्या अंतरात २४ मिलिमीटरची फट आहे. तेवढ्यात अडॅप्टर बसतो आणि जुनी ईएफ लेन्स, अगदी सिग्माचीसुद्धा, आपल्याशी बोलू लागते. मग कोणी नाशिकला, कोणी मुंबईच्या बोरा बाजारात जाऊन जुनी लेन्स उचलतो. पण आमचा पाऊस आपण पाहिलेला नाही. जव्हार-मोखाड्यात आषाढापासून धुके घरात येऊन झोपते, आणि आधीच पंधरा वर्षे वापरलेल्या काचेत भाद्रपदापर्यंत बुरशीचे जाळे उगवते. डब्यात सिलिका जेल ठेवा, बल्ब लावा, ती यायची ती येतेच.

२०२४ च्या एप्रिलमध्ये आपण सिग्मा आणि तॅमरॉनला परवाना दिलात, हे ऐकून पोशेऱ्यात आनंद झाला. सिग्माची १८-५० एफ २.८ आपल्या माउंटवर आलीही. पण परवाना छोट्या सेन्सरच्या, एपीएस-सी लेन्सचा. फुल-फ्रेमची बॉडी घेतलेला दिंडी दरवाजातून डोके वाकवून आत गेला, तर पुढे मुख्य दरवाजाला कुलूप. मोठी बॉडी घ्यायला त्याने कर्ज काढले होते, याची कल्पना आपल्याला असणारच. कर्जवाल्याला दुसऱ्या माउंटवर उडी मारता येत नाही, याचीही.

म्हणून एकच मागणे आहे. एपीएस-सीला दिलीत तशीच परवानगी फुल-फ्रेमलाही द्या. फुकट नको. शुल्क लावा, करार करा, पिना मोजून द्या. सिग्मा-तॅमरॉन ते शुल्क लेन्सच्या किमतीत घालतील आणि आमचे फोटोवाले मुकाट भरतील. त्यांना हप्ते भरायची सवय आहे. वैशाखाच्या आत उत्तर आले तर बरे, कारण लग्ने तेव्हा आहेत. आणि हे पत्र वाचणाऱ्या नव्या फोटोवाल्यांना हात जोडून विनंती: दुकानात बॉडीची किंमत नंतर विचारा, आधी तिला कोणाकोणाची लेन्स चालते ते विचारा.

कळावे, लोभ असावा,
आपला,
पोशेऱ्याचा एक उजेडाचा भुकेला