टाके ओले करू नका

नाशिकमधली सर्वांत गाजलेली शस्त्रक्रिया पंचवटीत झाली. भूल नाही, संमतीपत्र नाही, केसपेपरवर नाव-वय लिहायलाही कुणी थांबलं नाही. लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक कापलं आणि तिला तसंच वाटेला लावलं. ना पट्टी, ना गोळ्या, ना ‘परवा दाखवायला या’. ती मग आपणहून दाखवायला गेली. आधी खर-दूषणांकडे, तिथे गुण आला नाही म्हणून थेट लंकेत थोरल्या भावाकडे. पुढे काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे. शहराने त्यातून धडा घेतला असावा, कारण आज पंचवटीपासून सिडकोपर्यंत कुठलाही फॅमिली डॉक्टर कापण्यात जेवढा वेळ घालवतो, त्याहून जास्त वेळ ‘आता घरी काय करायचं’ हे समजावण्यात घालवतो. पेशंट मान डोलावतो, सोबत आलेली चार माणसंही डोलावतात, आणि घरी पोचल्यावर मावशी म्हणेल तसं होतं.

अशा दवाखान्यात ‘मायनर ओटी’ असते. हिरवा पडदा, त्याच्यामागे रेक्झिनचं टेबल, मान वळवता येणारा दिवा आणि झाकणाचा स्टीलचा ट्रे, एवढाच तिचा पसारा. इथे गळवं फोडली जातात, टाके घातले जातात, अंगठ्याच्या मांसात घुसलेलं नख काढलं जातं, कुरूप कोरलं जातं, चामखीळ जाळली जाते. पाठीवरची चरबीची गाठ काढली, तर ती बाटलीत घालून नातेवाइकांना दाखवली जाते. ते तिचा फोटो काढून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकतात. खाली लगेच दोन अंगठे आणि एक ‘शुभ सकाळ’ येते.

इथल्या रजिस्टरवरून तारीख न बघता महिना सांगता येतो. जानेवारीत संक्रांतीला मांजाने चिरलेली बोटं येतात, कधी मान येते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली, पण संक्रांत जवळ आली की तो कुठून तरी उगवतोच. श्रावणाच्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीची फेरी होते आणि मंगळवारी सकाळी बाकावर तळपायातल्या काट्यांची रांग लागते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतला लोखंडाचा कीस बारमाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात द्राक्षाची छाटणी सुरू झाली की ओझर, पिंपळगाव, दिंडोरीकडून डाव्या हाताची बोटं यायला लागतात. उजव्या हातात कात्री असते.

असाच एक बागायतदार डाव्या तर्जनीला पंचा गुंडाळून येतो. पंच्याखाली हळद, हळदीखाली कॉफीची पूड, त्याखाली बांधावरचा चुरगळलेला दगडी पाला. डॉक्टरांना शस्त्रक्रियेआधी उत्खनन करावं लागतं. जखम वाहत्या पाण्याखाली धरून स्वच्छ कापडाने दाबून ठेवणं ही खरी पहिली मदत, पण त्यात घरातल्या कुणालाच काही केल्यासारखं वाटत नाही.

मग भूल. ‘मुंगी चावल्यासारखं वाटेल,’ असं म्हणायची सगळ्या डॉक्टरांची पद्धत आहे. ही मुंगी कुठल्या वारुळातली, हे कुणी सांगत नाही. सुईतलं औषध लिग्नोकेन. १९४३ साली स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेनने ते तयार केलं आणि त्याचा सहकारी बेंग्ट लुंडक्विस्टने ते स्वतःच्याच अंगात टोचून पाहिलं. बागायतदाराला हे सांगितलं तर तो म्हणेल, ‘मग त्यालाच बोलवा.’ सुई गेली की तो ओरडतो, तीन-चार मिनिटांत बोट बधिर होतं, आणि पाच टाके पडेपर्यंत तो दुसऱ्या हाताने मोबाइल कानाला लावून मजुरांना कुठली ओळ आधी घ्यायची ते सांगत असतो.

गळवाचं मात्र असं नाही. पू झालेली जागा आम्ल असते आणि आम्लात लिग्नोकेनचं नीट चालत नाही, त्यामुळे बधिर करूनही थोडं कळतंच. बाहेरच्या बाकावर ‘अगं आई गं’ ऐकू आलं की समजावं, आत गळू आहे. फोडल्यावर पू काढून पोकळीत गॉजची वात सारतात आणि तोंड उघडंच ठेवतात, कारण जखम तळापासून भरत यायला हवी. वरून शिवली तर आत पुन्हा पू. हे वैद्यकीयदृष्ट्या अगदी बरोबर असलं तरी नातेवाइकांच्या हिशेबात बसत नाही. ‘पैसे पूर्ण घेतले, टाका एकही नाही,’ ही तक्रार बिलाच्या टेबलाशी नेहमीची.

धनुर्वाताच्या इंजेक्शनावर मात्र सर्वांचा विश्वास. पूर्वी टीटी, आता टीडी, त्यात घटसर्पाचीही लस असते. लोखंड लागलं की ते घ्यायचंच, प्लास्टिक लागलं की नाही घेतलं तरी चालतं, असा लोकांचा नियम आहे. गंजाचा त्याच्याशी संबंध नाही. धनुर्वाताचे जंतू माती-शेणात असतात आणि ते प्लास्टिकच्या बादलीच्या कडेवरूनही येतात. लसीचे सगळे डोस झालेले असतील तर किरकोळ स्वच्छ जखमेला दहा वर्षं आणि मातीने माखलेल्या जखमेला पाच वर्षं पुरतात. बागायतदाराने मागच्या छाटणीलाच घेतलं होतं. त्याला आज नको म्हटलं तर तो दुखावतो. इंजेक्शनाशिवाय दवाखान्यातून उठणं त्याला पाहुण्याच्या घरून चहा न घेता निघाल्यासारखं वाटतं.

इथवर सगळं डॉक्टरांच्या हातात. दार ओलांडलं की सूत्रं बदलतात.

‘टाके ओले करू नका.’ हे वाक्य नाशिकमध्ये उच्चारणं किती धाडसाचं आहे, हे बाहेरच्या डॉक्टरांना कळणार नाही. पहिले दोन दिवस जखम कोरडी ठेवायची, नंतर वरून हलकं पाणी गेलं तर बिघडत नाही, पण बुडवायची नाही, एवढाच त्याचा अर्थ. पण इथे रामकुंड आहे, पर्वणी आहे, दशक्रियेला आलेली माणसं आहेत. ‘एकच डुबकी’ अशी परवानगी मागितली जाते. नाही म्हटलं तर ‘डॉक्टर, गंगेचं पाणी आहे!’ असं उत्तर मिळतं. गोदावरीला गंगा म्हणणाऱ्या गावात त्यावर युक्तिवाद चालत नाही. रंगपंचमीला आणखी पंचाईत. शनी चौक, तिवंधा, दिल्ली दरवाजा इथल्या पेशवेकालीन रहाडी, म्हणजे रंगाचे हौद, उघडतात आणि परवाच पाठीला टाके पडलेला तरुण विचारतो, ‘धप्पा नाही मारत, नुसता कडेने उतरतो, चालेल?’

मग आहार. भात खाल्ला की जखम पिकते. वांगं वातूळ. आंबट अजिबात नको. यातलं वांगं एकवेळ सोडता येईल, पण आंबटाची बंदी जखमेच्या मुळावर येते. त्वचा सांधणारं कोलॅजन बनायला क जीवनसत्त्व लागतं. ते न मिळाल्यामुळे स्कर्व्ही झालेल्या खलाशांच्या पूर्वी भरलेल्या जखमाही पुन्हा उकलत. लिंबाची फोड ताटातून उचलणाऱ्या मावशीला हे सांगायला कुणी जात नाही, कारण मावशीने चार बाळंतपणं काढलेली असतात.

गंमत म्हणजे मावशी निम्मी बरोबर असते. सुश्रुताने जखमी माणसाला नवं धान्य, उडीद, तीळ, वाटाणा, आंबट, खारट, दही, ताक हे सगळं वर्ज्य सांगितलं आहे. पण त्याच अध्यायात जुन्या साळीचा तुपाळ, गरम भात आणि रानातल्या प्राण्यांचं मांस खाल्लं तर जखम लवकर भरते, असंही म्हटलं आहे. पथ्याची यादी अडीच हजार वर्षांचा प्रवास करत ओझरपर्यंत पोचली, मटण-भात तेवढा वाटेत सांडला. मित्रांनी जवळ बसून गोष्टी सांगाव्यात म्हणजे वेदना विसरते, ही सुश्रुताची सूचना मात्र गावाने तंतोतंत पाळली आहे. बोटाला पाच टाके पडले तरी तेरा माणसं भेटायला येतात. प्रत्येकाकडे एक गोष्ट असते. ‘आमच्या साडूला असंच झालं होतं, पुढे बोटच काढावं लागलं.’

‘हवा लागू द्या’ हा आणखी एक मोफत सल्ला. जॉर्ज विंटर नावाच्या संशोधकाने १९६२ मध्ये डुकरांच्या कातडीवर पाहणी केली. झाकून ओलसर ठेवलेल्या जखमा उघड्या, खपली धरलेल्या जखमांपेक्षा जवळपास दुप्पट वेगाने भरल्या. पण इथे घरात शिरल्याबरोबर पट्टी सोडून आत बघण्याची ओढ कुणालाच आवरत नाही.

सूचना पाळल्या तर काय होऊ शकतं, याचा महाराष्ट्रातला दाखला दोनशे वर्षांहून जुना आहे, आणि तोही नाकाचाच. १७९२च्या युद्धात टिपूच्या लोकांनी इंग्रजांच्या फौजेतल्या कावसजी नावाच्या मराठी गाडीवानाला पकडून त्याचं नाक आणि एक हात कापला. वर्षभराने पुण्याजवळ विटा बनवणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवं नाक लावलं. त्याचं वर्णन लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये छापून आलं. मेणाचा साचा करायचा, तो कपाळावर सपाट करून तेवढी कातडी सोडवायची, दोन डोळ्यांमध्ये एक पट्टी न तोडता ती वळवून खाली बसवायची. टाके नाहीत. पाण्यात भिजवलेला कात कापडाच्या पट्ट्यांवर लावून पाच-सहा पट्ट्या एकावर एक. तोच कात, जो विड्यात रंगतो. चार दिवस हात लावायचा नाही, मग तुपात भिजवलेलं कापड. पाच-सहा दिवस उताणं झोपायचं. दहाव्या दिवशी नाकपुड्या बुजू नयेत म्हणून मऊ कापडाच्या वाती. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास मधली पट्टी कापायची. हे वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यूने १८१४ मध्ये तसं नाक करून पाहिलं आणि १८१६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. कावसजीने पंचवीस दिवस कळ काढली म्हणून कार्प्यूला नाक बसवता आलं.

ओझरच्या बागायतदाराला हे ऐकवायची गरज नाही. जखमेची निगा त्याला डॉक्टरांइतकीच कळते, फक्त वेलीच्या बाबतीत. छाटलेल्या जाड फांदीवर तो मोरचूद आणि चुन्याची बोर्डो पेस्ट त्याच दिवशी लावतो, एकही काप उघडा ठेवत नाही, मजुराने पेस्टला कंजुषी केली तर त्याला ओळीच्या टोकापासून परत पाठवतो. स्वतःच्या बोटाचं बँडेज मात्र तिसऱ्या दिवशी वेलीचे डोळे फुटावेत म्हणून लावायच्या सायनामाइडच्या बादलीत. बोटांचे टाके दहा ते चौदा दिवसांनी काढतात. हा आठव्या दिवशी येतो, कारण ‘आज नाशकात काम होतं’. कात्री, चिमटा, बेटाडिन. डॉक्टर टाके बघून म्हणतात, ‘अजून कच्चं आहे, सोमवारी या.’ भरलेल्या जागेला तीन महिन्यांनीही मूळ कातडीच्या ऐंशी टक्केच ताकद येते, हेही ते सांगतात. तो मान डोलावतो, पण उठत नाही.

‘डॉक्टरसाहेब, आलोच आहे तर…’ तो कॉलर खाली ओढतो. मानेवर एक चामखीळ आणि तिच्या मुळाशी घट्ट बांधलेला काळा, जाड केस.

‘हे कुणी केलं?’

‘मावशीनं. घोड्याच्या शेपटीचा आहे.’

‘आणि घोडा?’

‘पुतण्याच्या वरातीतला. नवरदेव वर बसलेला होता, तेव्हाच काढून घेतला.’

‘मग?’

‘मग काय, घोडा उधळला. नवरदेव बाहेर बाकावर बसलाय, त्याचा कोपर जरा बघून घ्या.’