फोन माझा, हलगी माझी, परवानगी कुणाची?

चहा आधी घ्या, कारण प्रकरण लांब आहे आणि तुम्हीही यातून गेला असणार याची मला खात्री आहे.

माझ्याकडे बटणांचा फोन आहे. पडला तर फुटत नाही, चार्जिंग कित्येक दिवस पुरतं, आवाज खणखणीत. पण त्यात कंपनीने ज्या धून भरून दिल्या आहेत त्यातली एकही माझी नाही. एसटीत असा एक फोन वाजला की निम्मी गाडी खिसे चाचपते. पिशव्या उघडतात, खिडकीशी झोपलेला माणूस दचकून ‘हॅलो’ म्हणतो, आणि फोन असतो तिसऱ्याच कुणाचा. प्रत्येकाचा नंबर वेगळा, आधार क्रमांक वेगळा, हाक मात्र सगळ्यांना एकच. हे मला मान्य नाही.

मला हवी होती आमच्या जत्रेतल्या कुस्तीच्या फडावरची हलगी. भाच्याने ती त्याच्या मोबाईलवर टिपली होती. वाजवणारे गावचेच, त्यांनी हसत होकार दिलेला. पंधरा-वीस सेकंदांचा तुकडा. म्हणजे अर्जदार हजर, माल हजर, ना हरकत तोंडी का होईना पण मिळालेली. आता हा तुकडा कॉम्प्युटरवरून फोनमध्ये जायला हरकत कुणाची असावी?

पहिली हरकत तारेची. यूएसबीच्या साध्या तारेत आत चार तारा असतात, दोन विजेच्या आणि दोन माहितीच्या. स्वस्तातल्या चार्जिंगच्या केबलीत माहितीच्या दोन घातलेल्याच नसतात. बाहेरून दोन्ही केबली सारख्याच दिसतात. ड्रॉवरभर केबलींतून योग्य ती निवडायची कशी, याची खूण कुणी केबलीवर छापत नाही. फोनला वीज पोचते, दिवा लागतो, आणि कॉम्प्युटर म्हणतो की मला काहीच जोडलेलं नाही. योग्य केबल सापडली की फोन विचारतो, चार्जिंग की मास स्टोरेज? हा प्रश्न पडद्यावर काही क्षणच राहतो. चष्मा लावेपर्यंत मुदत संपते आणि फोन स्वतःच्या अधिकारात चार्जिंग हा निर्णय घेऊन मोकळा होतो.

पुढची हरकत नमुन्याची. भाच्याच्या मोबाईलने हलगी एमफोरए या प्रकारात साठवलेली, माझ्या फोनला तो प्रकार कळत नाही. त्याला एमपीथ्री किंवा एएमआर हवं. एएमआर हा प्रकार मुळात फोनवरच्या बोलण्यासाठी केलेला. सेकंदाला 8,000 नमुने घ्यायचे आणि माणसाचं बोलणं समजण्यापुरते सूर ठेवून वरचे कापायचे, ही त्याची रीत. हलगीचा जीव त्या वरच्या सुरांत असतो. शेकून ताणलेल्या कातड्यावर बारीक काडी पडली की जो कडाका उठतो, ज्याने फडातला पैलवान मांडी ठोकतो, तो नेमका छाटला जातो. उरतं ते रॉकेलचा रिकामा डबा बडवल्यासारखं. ज्यांनी ती हलगी वाजवली त्यांना हे ऐकवायला मला लाज वाटेल. म्हणून एमपीथ्री. त्यासाठी कॉम्प्युटरवर व्हीएलसी घेतलं, रूपांतर केलं, फाईल फोनमध्ये टाकली.

फोनने ती वाजवलीसुद्धा! गाण्यांच्या यादीत हलगी छान वाजते. पण रिंगटोनच्या यादीत तिचं नाव नाही, कारण रिंगटोनसाठी फोल्डर वेगळा. कोणता, ते पुस्तिकेत लिहिलेलं नाही. फाईलचं नाव मी मराठीत दिलं होतं, त्या जागी पडद्यावर चौकोनांची रांग. माझ्याच गावच्या हलगीला माझ्याच फोनमध्ये नाव नाही.

आता जुन्या फोनला नावं ठेवू नका, कारण जुन्या फोनांनी हा हक्क दिलेला होता. नोकियाच्या 3310 मध्ये, म्हणजे 2000 सालच्या फोनमध्ये, कॉम्प्युटर न लावता सूर बांधता येत. 1 ते 7 हे आकडे म्हणजे सात सूर, 0 म्हणजे विराम, 8 ने सूर आखूड, 9 ने लांब, फुलीने सप्तक बदलायचं. पेटीवर चार अलंकार बसवलेल्या कुणालाही हे लगेच कळेल. आकड्यांचे क्रम लोक कागदावर लिहून एकमेकांना देत, आणि कुणी कुणाची परवानगी मागत नसे. फोन एका वेळी एकच सूर वाजवी, पण तो सूर तुमचा असे. त्या काळी मोबाईल परवडणारी माणसं थोडी होती, तरी त्यांना ही सोय मिळाली. पुढे फोन सगळ्यांच्या हातात आले आणि ती यादीतून निघून गेली. याला प्रगती म्हणायला मी तयार नाही.

कारण मधल्या काळात सुरांचा बाजार उभा राहिला. एसएमएस करा, धून घ्या, पैसे बॅलन्समधून कापले जातील. काही विकतच्या धुनांवर असं कुलूप असे की पैसे मोजूनही त्या बायकोच्या फोनवर पाठवता येत नसत. 2007 मध्ये अ‍ॅपलने आयट्यून्सवर रीत काढली, 99 सेंटला गाणं घ्या आणि त्याच गाण्याचा तुकडा घंटी म्हणून वाजवायचा तर आणखी 99 सेंट भरा. आयफोनची रिंगटोन एमफोरआर या नावाची असते, पण आतला ऐवज एमफोरएच. शेवटचं एक अक्षर बदललं की गाण्याची घंटी होते, आणि त्या अक्षराचा रस्ता माहीत नसलेल्याने पैसे मोजायचे.

हा प्रश्न कोर्टापर्यंत गेलेला आहे. फोन चारचौघांत वाजला की तो गाण्याचा जाहीर कार्यक्रम ठरतो आणि त्याचे पैसे मोबाईल कंपन्यांनी भरावेत, असं अमेरिकेतल्या अ‍ॅस्कॅप या संगीतकारांच्या संस्थेचं म्हणणं होतं. 2009 मध्ये न्यूयॉर्कच्या संघराज्य न्यायालयाने ते फेटाळलं. फोन वाजतो तेव्हा मालक काही कार्यक्रम करत नसतो, त्याला कुणीतरी हाक मारत असतं. न्यायाधीशांना जे कळलं ते फोन बनवणाऱ्यांना कळायला काय अडचण आहे?

कोपऱ्यावरचा मोबाईलवाला म्हणतो, काका, द्या इकडे, दहा रुपयांत टाकून देतो. पोरगा गुणी आहे, त्याच्याविषयी माझी तक्रार नाही. पण माझ्या घरात, माझ्या फोनमध्ये माझ्या गावचा आवाज ठेवायला मी तिऱ्हाइताकडे का जावं?

म्हणून माझ्या मागण्या स्पष्ट आहेत. ज्या केबलीतून माहिती जात नाही तिच्यावर तसं ठळक छापावं. फोनच्या खोक्यावर जिथे वजन आणि रंग लिहितात, तिथेच रिंगटोनचा प्रकार, कमाल आकार आणि फोल्डरचं नाव लिहावं. देवनागरी नाव दिसलंच पाहिजे. मास स्टोरेजचा प्रश्न उत्तर मिळेपर्यंत पडद्यावरून हलू नये. आणि 1 ते 7 बटणांवरचे सूर परत द्यावेत, ते आकडे बटणांच्या प्रत्येक फोनवर अजून छापलेलेच आहेत.