पाणी पांढरं येतंय ना?

नवा कोरा रंग काचपेपरने घासायचा असतो, हे वाक्य आमच्या सोसायटीत उच्चारायची सोय नाही. लोक बायकोकडे सहानुभूतीने बघायला लागतात.

गाडी म्हणजे लाल मारुती 800. ही गाडी 1983 साली बाजारात आली, 2014 साली कारखान्यातून निघायची थांबली, आणि आमच्या घरातून कधी निघणार हे दर दिवाळीच्या आवराआवरीत विचारलं जातं. उत्तरादाखल मी तिला रंग मारून आणला. डेंटिंग झालं, लांबी भरली, प्रायमर मारला, लाल बसला, त्यावर पारदर्शक क्लिअर कोट. लांबून दृष्ट लागावी अशी! जवळ जाऊन बॉनेटमध्ये पार्किंगच्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पाहिलं, तर ट्यूब हुडहुडी भरल्यागत वेडीवाकडी. पेंटर लोक याला 'ऑरेंज पील' म्हणतात. एप्रिलच्या पुण्यात गनमधून उडालेले थेंब पत्र्यावर पसरून एकजीव व्हायच्या आत वाळायला लागतात आणि बारीक उंचवटे राहतात. पेंटर म्हणाला, "साहेब, एवढं चालतं." हे वाक्य ऐकलं की माझ्यातला पुणेकर जागा होतो.

उंचवटे घासून सपाट करायचे, बस. अडचण एवढीच, की क्लिअर कोटची जाडी साधारण 40 ते 60 मायक्रॉन, म्हणजे डोक्यावरच्या केसापेक्षा बहुधा कमीच. (माझ्याकडे तुलनेला केस उरलेले नाहीत, बायकोचा घेतला.) तेवढ्यातून उंचवटे तेवढे काढायचे आणि खालच्या लालला धक्का लावायचा नाही.

1500 नंबरचा वॉटर पेपर आदल्या रात्री पातेल्यात भिजत घातला. शेजारच्या पातेल्यात मटकी होती. "उद्या उसळ कशाची करायची तेवढं सांगून ठेव," बायको म्हणाली.

सकाळी बॉनेटच्या कडांना मास्किंग टेप लावला, कारण कडेला रंग सगळ्यात पातळ असतो आणि आधी तिथलाच उडतो. रबरी ठोकळ्याला पेपर गुंडाळला, पाण्यात शांपूचे चार थेंब टाकले आणि हात फिरवायला सुरुवात केली. बघता बघता चकाकतं बॉनेट मळकट, पांढुरकं झालं. असंच व्हायला हवं असतं. मधे एखादा ठिपका चमकत राहिलाच, तर तो खोलगट भाग, तिथे अजून पेपर पोचलेला नाही. पण हे जाणाऱ्या-येणाऱ्याला कोण सांगणार?

"रंग आवडला नाही का हो?" तळमजल्यावरच्या काकांनी विचारलं.

"पेंटरचे पैसे बुडवायचे असतील," त्यांच्या सौंनी परस्पर उत्तर दिलं.

या कामात नजर पाण्यावर ठेवायची. पाणी दुधट आलं तर क्लिअर निघतोय, चिंता नाही. गुलाबी आलं की खालचा रंग लागला, पुन्हा पेंटरच्या दारात. काकांना हे सांगितलं मात्र, त्यांनी प्लास्टिकची खुर्ची आणली आणि बसल्या जागेवरून निकाल द्यायला सुरुवात केली. "पांढरं... पांढरं... थांबा! नाही, पांढरंच." बँकेतून निवृत्त झाल्यापासून इतकं जबाबदारीचं काम त्यांना कुणी दिलं नव्हतं.

खरं मार्गदर्शन मात्र धुण्याभांड्याच्या मावशींनी केलं. जिन्यातून उतरताना क्षणभर थांबून म्हणाल्या, "दाबू नका दादा. हात हलका ठेवा, पाणी सोडा भरपूर." हेच सांगायला यूट्यूबवरच्या अमेरिकन गृहस्थाने अर्धा तास घेतला होता.

1500 आडवा फिरवला की 2000 उभा, मग 3000 पुन्हा आडवा. म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाही ते कळतं. मोठे ओरखडे घालवायला छोटे ओरखडे पाडायचे, ते घालवायला त्याहून बारीक. शेवटी रबिंग कंपाउंड लावून बफिंग मशीन फिरवायचं, की उरलेले ओरखडे डोळ्याला दिसत नाहीत.

"म्हणजे अजून आहेतच?" काका म्हणाले.

"आहेत. दिसत नाहीत."

"मग आधीचं तरी मला कुठे दिसत होतं?"

यावर मी मशीन सुरू केलं. मशीन एका जागी टेकवून ठेवलं तर रंग तापून जळतो आणि कंपाउंड जास्त घेतलं तर चौफेर उडतं. काकांच्या पांढऱ्या लेंग्याबद्दल नंतर बोलणं झालं. पण ट्यूबलाइट? ओळंब्यात! होल्डरवरचा धूळ खाल्लेला कंपनीचा शिक्कासुद्धा बॉनेटमध्ये उलटा वाचता येत होता.

आता प्रश्न गाडी पुसणाऱ्याचा. पहाटे पाचला एक बादली आणि एकच फडकं घेऊन तो आख्ख्या सोसायटीच्या गाड्या पुसतो. पहिल्या गाडीची माती शेवटच्या गाडीपर्यंत इमानदारीने पोचवतो. मी त्याला गाठून म्हटलं, "आपली गाडी पुसायची नाही. पैसे पूर्ण देईन."

तो दुखावला. "न पुसता पैसे कसे घेऊ, साहेब?"

पुष्कळ घासाघीस झाली. शेवटी चारही चाकं आणि नंबरप्लेट त्याची, पत्रा माझा, असं ठरलं. तरी पाचचा गजर मी अजून लावतो, कारण परवा खिडकीतून पाहिलं, तर तो बॉनेटपाशी उभा राहून फडकं पिळत होता.